जाता जाता, होईस्तोवर

सकाळी मी घराबाहेर पडायला लागलो की आईचं वाक्य पाठीवर येऊन पडतं. "जाता जाता एवढं दळण टाक, दळून होईस्तोवर काकूकडं जाऊन ये, अन् येताना ते घेऊनच ये." हातात ज्वारीचा स्टीलचा डबा, झाकणावर खडूनं लिहिलेलं आमचं आडनाव. हे वाक्य लहानपणापासून हजारदा तरी ऐकलं असेल. मागच्या पावसाळ्यात एकदा (काकूकडं जायचं सोडून) गिरणीच्या ओट्यावर टेकलो होतो, तेव्हा एकाएकी लक्षात आलं की ज्या गोष्टीसाठी मी बारा वर्षं डोकं फोडतोय ती आईनं एका दमात सांगून टाकलीय.

बघा ना. 'जाता जाता' म्हणजे जाणं हे मुख्य काम, दळण वाटेत सोडून द्यायचं, त्यासाठी वेगळी खेप नको. 'होईस्तोवर' म्हणजे गिरणी चालत राहील, तू तिच्या तोंडाकडं बघत उभा राहू नकोस, दुसरं काही उरक. 'जाऊन ये' मधला 'ऊन' सांगतो की आधी जाणं, मग येणं, यात उलटापालट नाही. आणि 'घेऊनच' मधला तो 'च' म्हणजे पीठ हातात आल्याशिवाय घरी तोंड दाखवायचं नाही. एकाच वेळी अनेक कामं चालवणारा प्रोग्राम लिहायचा तर ह्याच चार गोष्टी सांगता याव्या लागतात: काम चालायला सोडून देणं, ते होईपर्यंत थांबणं, क्रम पाळणं, आणि शेवटी सगळ्यांची गाठ पडल्याशिवाय पुढं न सरकणं. मराठी हे नुसत्या प्रत्ययांत उरकते. प्रोग्रामिंगच्या भाषांना जमायला बरीच वर्षं लागली, आणि काहींना अजून धड जमलेलं नाही.

१९८३ च्या सुमारास ब्रिटनमधल्या इनमॉस कंपनीनं आपल्या ट्रान्सप्युटर चिपसाठी ऑकम नावाची भाषा काढली. तिच्यात 'सेक' लिहिलं की खालच्या ओळी एकामागून एक चालतात, 'पार' लिहिलं की सगळ्या एकदम. म्हणजे आपले 'जाऊन' मधला 'ऊन' आणि 'जाता जाता' मधला 'ता'च की. गंमत अशी की तिच्यात एकामागून एक हेसुद्धा गृहीत धरलेलं नाही, तेही सांगावं लागतं. 'पार' वाचून मी पहिल्यांदा हसलो होतो, कारण आमच्याकडं पार म्हणजे मारुतीसमोरचा, पिंपळाखालचा. आणि तिथं खरोखरच सगळे एकदम बोलतात, ऐकायला कुणी नसतं.

माझं गाव सेलूजवळ, परभणी जिल्ह्यात. आठ वर्षं पुण्यात नोकरी केली. तिथं फोनवर "मी जेवायलोय" म्हटलं की समोरच्याला वाटायचं हा जेवायला निघालाय, आणि मी तर दुसऱ्या भाकरीवर असायचो. आता जुन्या माळवदाच्या जागी स्लॅब पडलाय, त्यावरच्या खोलीत कूलर लावून घरूनच काम करतो. पुण्याच्या कंपनीचं काम महिन्याचा पगार देतं, पण ह्या विषयाची खरी शाळा झाली ती आमच्या भागातल्या एका मोंढ्यात, आडत दुकानाच्या गादीवर बसून.

शेठ वडिलांच्या ओळखीचे. म्हणाले, पोरगा कॉम्प्युटरचा आहे तर आपल्याला पट्ट्या काढायचं काहीतरी करून दे. शेतकऱ्याचा माल आला, काट्यावर चढला, भाव लागला, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती, याचा कागद म्हणजे पट्टी. दुकानात दोन इलेक्ट्रॉनिक काटे होते. मी दोन्हींच्या वायरी कॉम्प्युटरला जोडल्या, पायथन भाषेत दोन थ्रेड लिहिले, म्हणजे एकाच प्रोग्रामात एकदम चालणारे दोन धागे, एकेक थ्रेड एकेका काट्याकडं लक्ष ठेवून. पट्टीचा शेवटचा नंबर एका फाइलीत. थ्रेडनं तो वाचायचा, एक मिळवायचा, पट्टी छापायची, आणि छपाई सुखरूप झाली की मगच नवा नंबर फाइलीत लिहायचा. कागद अडकला तर नंबर वाया जाऊ नये, ही माझी हुशारी.

उन्हाळ्यात चाचणी घेतली. एकदा मी पट्टी काढली, एकदा शेठच्या मुलानं काढली, पुन्हा मी. सगळं झकास. पेढे खाल्ले.

मग दसरा झाला आणि सोयाबीन आलं. ज्यांनी तो आठवडा मोंढ्यात काढलाय त्यांना सांगायला नको. रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर, टेम्पो, वर ढग दाटलेले, प्रत्येकाला पावसाच्या आत माल खाली करायची घाई. त्या गर्दीत कधीतरी पहिल्या काट्याच्या थ्रेडनं फाइलीत ४१७ वाचलं, ४१८ ची पट्टी प्रिंटरकडं दिली. प्रिंटर खरखर करत असतानाच दुसऱ्या थ्रेडनं फाइल उघडली. तिथं अजून ४१७ च. त्यानंही ४१८ काढली. दोघांनी आपापल्या परीनं अगदी बरोबर काम केलं. पण खात्यात एका नंबराला एकच जागा, त्यामुळं मागून आलेल्यानं आधीच्याचं पुसून आपलं लिहिलं.

आठवड्यानं एक म्हातारा शेतकरी पैसे न्यायला आला. हातातल्या पट्टीवर ११ क्विंटल. पडद्यावर ७ क्विंटल, आणि नाव भलत्याचंच. तो काही भांडला नाही. पट्टीची घडी उलगडून टेबलावर ठेवली, वरून हात फिरवून सरळ केली आणि म्हणाला, "बघा बाबा, तुमच्याच मशीनीतून निघालीय." शेठनी कागदाप्रमाणं पैसे दिले. मला काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी माझ्यासाठी चहा सांगितला नाही.

ह्या चुकीला इंग्रजीत शर्यत म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. शर्यतीत धावणाऱ्यांना माहीत असतं की शेजारी दुसरा धावतोय. इथं दोघांनाही वाटत असतं की आपण एकटेच आहोत.

आणि हे एकटेपण थेट भाषेपर्यंत खाली जातं. सी भाषा वाढली तेव्हा थ्रेड तिच्या गावीही नव्हते. पुढं ते बाहेरून आणून जोडले गेले. १९९५ मध्ये त्याचं पॉझिक्स नावाचं सर्वांसाठीचं प्रमाण ठरलं. पण कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, अजूनही घरात दुसरं कुणी नाही अशाच समजुतीत वागत होता. आपल्या सोयीनं तो ओळी मागंपुढं करतो, एखादा डबा उचलून बघतो आणि होता तसा परत ठेवतो. घरात एकटा असेल तर ह्यानं काही बिघडत नाही. पण त्यानं डबा उचलला आणि परत ठेवला, त्या मधल्या क्षणात दुसऱ्यानं त्यात मूठभर घातलं असेल तर ती मूठ गेलीच. २००५ साली हान्स बोएम या संशोधकानं ह्यावर निबंध लिहिला. त्याचं शीर्षकच असं होतं की थ्रेड हे नुसती लायब्ररी, म्हणजे भाषेला बाहेरून जोडायचं तयार सामान, म्हणून करता येतच नाहीत. भाषेलाच ठाऊक असावं लागतं की घरात माणसं अनेक आहेत. सी आणि सी प्लस प्लसच्या प्रमाणात ही जाण २०११ मध्ये आली. मराठीत 'जाता जाता' नसतं तरी "बाहेर जाण्याच्या कालावधीत दळण देण्याबाबतही उचित कार्यवाही करावी" असं म्हणता आलंच असतं, तालुक्याहून येणाऱ्या पत्रांत म्हणतातच. पण अशा भाषेत दळण किती वेळा राहून गेलं असतं याचा विचार करा.

तर माझी पट्टी. मी तिला कुलूप घातलं, म्हणजे एक थ्रेड नंबर घेत असताना दुसऱ्यानं थांबायचं. नंबर दुहेरी पडणं बंद झालं. मग शेठ म्हणाले, गोदामात किती कट्टे आहेत तेही दिसू दे. गोदामाच्या हिशोबाला मी दुसरं कुलूप घातलं. चार दिवसांनी ऐन अकराच्या गर्दीत दोन्ही पडदे थिजले. ना चूक, ना निरोप, ना खरखर. बंद करून चालू केलं की ठीक. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

ते कोडं मला सुटलं ते विहिरीवर.

आमची विहीर तिघा भावांत सामायिक. प्रत्येकाची दोन दिवस पाळी, सातवा दिवस ज्याचं वाळत असेल त्याचा. मोटार एक, स्टार्टरच्या पेटीची किल्ली एक, आणि तिघांनी वर्गणी काढून घेतलेले स्प्रिंकलरचे पाईपही एकच जोड. मी सातवी-आठवीत असेन. त्या रब्बीत किल्ली थोरल्या काकांकडं राहिली आणि पाईप धाकट्या काकांच्या रानात. थोरले म्हणायचे, पाईप आणून दे, माझा हरभरा भिजला की किल्ली देतो. धाकटे म्हणायचे, किल्ली दे, माझा भिजला की दोन्ही घेऊन जा. दोघांचंही चूक नव्हतं. दोघांच्याही हातात अर्धं होतं आणि हातातलं सोडायला कुणी तयार नव्हतं. भांडणही झालं नाही, ही खरी गोष्ट आहे. भांडण झालं असतं तर निदान आवाज झाला असता. थ्री फेज लाईट रोज येत होती, जात होती. मोटार गप. विहिरीत पाणी वरपर्यंत, आणि काठावरचा हरभरा माना टाकून बसलेला.

पाचव्या दिवशी आजी काठी टेकत दोघांच्या घरी गेली. किल्ली आणली आणि आपल्या देवघराच्या खिळ्याला अडकवली. "आधी किल्ली घ्यायची. जेच्या हातात किल्ली, त्यानंच पाईपाला हात लावायचा. किल्ली नाही तर पाईप नाही." बस, एवढंच. त्यानंतर आमच्या विहिरीवर कोंडी झाली नाही.

माझ्या एका थ्रेडनं खात्याचं कुलूप धरलं होतं आणि त्याला गोदामाचं हवं होतं. दुसऱ्यानं गोदामाचं धरलं होतं आणि त्याला खात्याचं. मी आजीचा नियम लावला: आधी खातं, मग गोदाम, उलटं कधीच नाही. पुस्तकांत हा उपाय भारदस्त नावानं दिलेला असतो. आजी अंगठेबहाद्दर होती.

पण एक खुपत राहिलं. आजीचा नियम आजीच्या धाकावर चालायचा. माझा नियम माझ्या लक्षात होता, आणि फार तर प्रोग्रामच्या वर लिहिलेल्या दोन ओळींत. उद्या दुसऱ्या पोरानं त्यात हात घातला आणि त्या ओळी वाचल्या नाहीत, तर? भाषा त्याला अडवणार नव्हती.

वडील रेल्वेचं एक सांगतात. आमच्या मनमाड-परभणी मार्गावर मीटरगेजच्या काळात रूळ एकच, येणाऱ्यालाही तोच, जाणाऱ्यालाही तोच. गाडी स्टेशनात शिरली की वेताच्या मोठ्या कडीत अडकवलेली चामड्याची पिशवी ड्रायव्हर हातानं झेलायचा. पिशवीत धातूचा गोळा. तो गोळा हातात नसेल तर पुढच्या स्टेशनापर्यंतच्या रुळावर जायचं नाही. आता एवढ्यावर ही गोष्ट आजीच्या किल्लीसारखीच वाटते. फरक पुढं आहे. गोळे ठेवायची यंत्रं दोन्ही स्टेशनांत असायची आणि तारेनं एकमेकांना जोडलेली. एक गोळा बाहेर पडला की तो परत यंत्रात जाईस्तोवर दोन्हीकडच्या यंत्रांतून दुसरा गोळा निघतच नसे. स्टेशनमास्तर रात्री पेंगला, विसरला, घाईत आला, तरी नाही. लक्षात ठेवायचं काम माणसाकडून काढून यंत्राला दिलेलं.

डायक्स्ट्रा हे डच गणिती. साठच्या दशकात त्यांनी अनेक कामांत ताळमेळ ठेवायची पहिली नीट युक्ती मांडली आणि तिला नाव दिलं सेमाफोर, म्हणजे रेल्वेचा हात वर-खाली होणारा सिग्नल. नाव सिग्नलचं घेतलं खरं, पण सिग्नल न जुमानता गाडी पुढं नेता येते. गोळ्याच्या यंत्राची बरोबरी करणारी भाषा मला भेटली ती रस्ट, जिची पहिली पक्की आवृत्ती २०१५ ची. तिच्यात माल कुलपाच्या आतच ठेवलेला असतो. कुलूप उघडल्याशिवाय मालापर्यंत हात पोचतच नाही, आणि दोघांनी एकदम हात घालायचा प्रोग्राम लिहिला तर तो तयारच होत नाही. मी तिच्याशी दोन महिने भांडलो. ती सारखी 'नाही' म्हणते, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघतं, त्यामुळं जास्तच राग येतो.

शेवटी मोंढ्याचं काम मी तिच्यात केलं नाही. कारण मुनीमजी.

मुनीमजी सत्तरीचे, चाळीस वर्षं त्याच गादीवर. दुहेरी पट्टीचा घोळ झाला तेव्हा चष्म्यावरून बघत ते म्हणाले होते, "आमच्या टायमाला वही एकाच्याच हातात असायची." मी मनात म्हटलं, झालं सुरू. पण नंतर एकदा कामाचा जोर ओसरल्यावर त्यांनी सविस्तर सांगितलं. काटे चार असायचे, मापाडी चार, वही एक. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा, मग दोन, तीन. पोतं काट्यावर चढलं की तो वजन ओरडायचा आणि थांबायचा. "मी त्येच वजन फिरून म्हणल्याबिगर त्यो दुसरं पोतं काट्यावर घेतच नसायचा." चौघंही एकदम ओरडले तर? "मी एकाकडं बघायचो. बाकीचे दम धरायचे."

मी चहाचा कप खाली ठेवला. कारण ते जे सांगत होते ते टोनी होअर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मांडलं होतं: कामं स्वतंत्र ठेवा, सामायिक काही ठेवू नका, बोलायचं ते निरोपानं, आणि देणारा-घेणारा दोघंही हजर असले तरच निरोप पोचला म्हणायचा. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी घडवलेल्या एडा भाषेत १९८३ पासून हीच भेटीची पद्धत भाषेचा भाग आहे. (त्या प्रमाणाचा क्रमांक १८१५ ठेवला होता, पहिली प्रोग्रामर मानल्या जाणाऱ्या एडा लव्हलेसचं जन्मसाल म्हणून. लष्करी कागदांत असा हळवेपणा क्वचितच सापडतो.) आणि गूगलमध्ये घडलेली, २००९ साली जाहीर झालेली गो भाषा तर ह्याच पायावर उभी आहे. कुठल्याही कामाच्या आधी 'गो' एवढा शब्द लिहिला की ते काम बाजूला सुरू होतं आणि आपण पुढं चालू लागतो. जाता जाता दळण टाकल्यासारखंच. असं सुटलेलं काम म्हणजे गोरूटीन. ते सुरुवातीला फक्त २ केबी जागा घेतं, त्यामुळं दहा हजार सोडले तरी यंत्राला धाप लागत नाही. आणि त्यांनी एकमेकांना हाक मारायची ती चॅनेलमधून, म्हणजे निरोपाच्या नळीतून.

मी मोंढ्याचा प्रोग्राम गोमध्ये पुन्हा लिहिला. एक गोरूटीन मुनीमजी, वही त्याच्याच हातात. दोन गोरूटीन मापाडी. मापाडी वजन चॅनेलमध्ये टाकतो आणि मुनीम ते उचलेस्तोवर तिथंच थांबतो. दोघांकडून एकदम आलं तर मुनीम एकाकडं बघतो. कुलूप एकही नाही. नंबर द्यायचा हातच एक म्हटल्यावर दोनदा ४१८ निघायचा प्रश्नच उरला नाही. गो भाषेची मंडळी हेच सूत्र सांगतात की सामायिक आठवणीतून (म्हणजे मेमरीतून) बोलू नका, बोलण्यातून आठवण सामायिक करा. मी ते वाक्य तीन वर्षं आधी वाचलं होतं आणि चांगलं वाक्य म्हणून पुढं गेलो होतो.

पुढच्या हंगामात मात्र मीच घाण केली. शेठना फोनवर बघायचं होतं, आज किती कट्टे आले. आता नियमानं मी मुनीमला निरोप पाठवून विचारायला हवं होतं. मी म्हटलं, नुसतं बघायचंच तर आहे, आणि सरळ त्याच्या वहीत डोकावणारी एक ओळ लिहिली. दुपारी एकच्या सुमाराला सगळा प्रोग्राम धाडकन मेला. मरताना लिहून गेला की एकाच वेळी एक जण वहीत लिहीत होता आणि दुसरा वाचत होता. म्हणजे गो काही गोळ्याचं यंत्र नव्हे. चुकीची ओळ लिहिताना तिनं मला अडवलं नव्हतं. पण थोबाडीत तरी मारली. जुना पायथनचा प्रोग्राम अशा वेळी गुमान चुकीचा आकडा लिहून पुढं जायचा. मी मुनीमजींना हे सांगितलं तर ते हसले. "मी लिहिताना कुणी वहीत डोकावलं की मी वही मिटायचो."

कोंडीच्या बाबतीतही गोचा स्वभाव मला आवडतो. सगळेच एकमेकांची वाट बघत अडून बसले की ती प्रोग्राम थांबवते आणि लिहिते: सगळे गोरूटीन झोपलेत, कोंडी! मात्र सगळेच झोपले असतील तरच. एक जरी जागा असेल तर ती काही बोलत नाही. आमच्या विहिरीवर तसं वडील जागेच होते की. दोघा भावांच्या मध्ये ते रोज सकाळी चकरा मारत होते, हरभरा तरीही वाळला.

आणि गोमध्ये आईचा तो 'च' नाही. पहिल्याच आठवड्यात हे कळलं. संध्याकाळी दुकान बंद करताना शेवटच्या शेतकऱ्याला पट्टीचा एसएमएस पाठवायचं काम मी 'गो' म्हणून सोडलं आणि मुख्य प्रोग्राम संपवला. मुख्य संपला की सोडलेले सगळे जिथल्या तिथं संपतात. एसएमएस गेलाच नाही, कुणी तक्रारही केली नाही. मी जा म्हटलं होतं, घेऊनच ये म्हटलं नव्हतं. ते वेगळं सांगावं लागतं आणि माणूस विसरतो. एडामध्ये हे पहिल्यापासून होतं. ज्या खंडात कामं सुरू केली तो खंड त्यातली सगळी संपल्याशिवाय पुरा होत नाही. मग मधली कितीतरी वर्षं ही गोष्ट मुख्य रस्त्यावरून जणू गायबच झाली. आता ती परत येतेय: पायथनमध्ये २०२२ च्या ३.११ आवृत्तीत कामांचा गट करून सगळे परत आल्याशिवाय बाहेर न पडायची सोय आली, ॲपलच्या स्विफ्ट भाषेत २०२१ मध्ये आली. आमच्या घरी सगळे आल्याशिवाय आई दाराला कडी लावत नाही, एक वाजला तरी. लहानपणी मला तो जाच वाटायचा.

गेल्या महिन्यात चुलतभावानं विहिरीवर मोबाइल स्टार्टर बसवला. पेटीत सिम घातलेलं, घरी बसून फोन लावला की मोटार चालू, पुन्हा लावला की बंद. रात्रीच्या लाईटला आता कुणी अंधारात रान तुडवत जात नाही, साप-विंचवाची भीती गेली. आजीचा खिळा देवघरात अजून आहे, त्याला आता कॅलेंडर टांगलंय. स्टार्टरमध्ये तिन्ही घरांचे नंबर घातले.

परवा रात्री चुलतभाऊ वर खोलीत आला. म्हणाला, "दादा, मशीन खराब आहे बघ. मोटार लागती अन् बंद पडती, लागती अन् बंद पडती."

मी विचारलं, "काल रात्री लाईट आल्यावर फोन कुणी केला?"

"मी केला की. बरोब्बर दहाला."

"अन् काकांनी?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "त्येंनी बी केला असंल. चालू हाय का बघायला."

मी म्हटलं, दोन नंबर काढून टाक. एकच ठेव. ज्याला पाणी पाहिजे त्यानं त्या माणसाला फोन करायचा, मोटार त्यानंच लावायची, त्यानंच बंद करायची. आजीची किल्ली आणि मुनीमजींची वही दोन्ही डोळ्यांपुढं होती, त्यामुळं मी जरा ऐटीतच सांगितलं.

त्यानं विचार केला. जिन्यापर्यंत गेला, दोन पायऱ्या उतरला आणि मागं वळला.

"अन् त्यो झोपला असंल तर?"